गिरणीवाल्या आत्याची तीट

माझ्या आत्यानं उभ्या आयुष्यात कुणाचीही निर्भेळ स्तुती केली नाही. अपवाद फक्त एकदाचा, आणि तोही पोलिसांच्या कचेरीत, घामानं डबडबून. तिला माणसातलं चांगलं दिसत नव्हतं असं मुळीच नाही. उलट ते तिला इतरांच्या आधी दिसायचं, आणि दिसलं की ती घाबरायची. चांगल्याला नजर लागते ही तिची ठाम समजूत. बाळाला न्हाऊमाखू घातलं की गालावर काजळाची तीट लावतात, तशी ती बोलण्यालाही लावायची. आधी तोंडभर कौतुक, मग 'फकस्त' हा शब्द, आणि त्यामागून एक छोटासा काळा ठिपका. नव्या बाळाला बघायला गेली की म्हणायची, "लेकरू कसं गोरंपान हाय, डोळे टपोरे. फकस्त कान बापाचे हाईत." तिथंच उभ्या असलेल्या बापाचे ते कान लालबुंद व्हायचे. मी दहावीला पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा पेढा तोंडात टाकून तिनं भरल्या घरात जाहीर केलं, "पोरगं लई हुशार निघालं. फकस्त अजून नाक बाहीला पुसते." ती सवय मी कधीच सोडली होती, पण तीट लावणाऱ्या हाताशी बाळानं भांडायचं नसतं. एकदा सडकेच्या उद्घाटनाला कुणी पुढारी आले होते, आणि गावातली कर्ती बाई म्हणून हार घालायचा मान हिला मिळाला. कुणीतरी गमतीनं माईक पुढं केला. आत्या म्हणाली, "साहेब लई मोठा माणूस. सडक आणली, दिवे आणले. फकस्त येतो म्हणून दोनदा आले न्हाईत." टाळ्या काही केल्या थांबेनात. पुढाऱ्यांनाही शेवटी हसावं लागलं.

दुसऱ्याच्या वस्तूला तीट लावणं एक वेळ परवडतं, ही बाई स्वतःच्या मालालाही सोडत नसे. म्हैस विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक सेनगावकडून जीप करून आलं. आत्यानं म्हशीचं दूध, वेत, स्वभाव सगळं सांगितलं, आणि गिऱ्हाईक दावं सोडायला वाकलं तशी म्हणाली, "फकस्त संध्याकाळची लाथ मारते." गिऱ्हाईक उभ्या उभ्या माघारी गेलं. ती म्हैस मग आत्याच्याच दारात म्हातारी झाली, आणि लाथ मारताना तिला मी एकदाही पाहिलं नाही. ठरत आलेल्या लग्नांच्या वेळी तर घरच्यांची पुष्कळदा धाकधूक व्हायची. मुलीची चौकशी करायला आलेले पाहुणे आधी आत्याच्या गिरणीवर थांबायचे. एका मुलीबद्दल ती म्हणाली, "गुणाची पोरगी. फकस्त झोपेत बोलते." पाहुणे चहा न घेता निघाले, फाट्यापर्यंत गेले, तिथं त्यांनी खल केला आणि परत येऊन विचारलं, "झोपेत बोलते म्हणजे काय बोलते?" आत्या म्हणाली, "कामाचंच बोलते. म्हशीला पाणी दाव, दार लाव, असं." लग्न तिथल्या तिथं पक्कं झालं.

औंढा नागनाथहून शिरड शहापूरकडं जाणाऱ्या सडकेवर आमच्या गावाचा फाटा लागतो. त्या फाट्यावर आत्याची पिठाची गिरणी होती. आतोबा तरुणपणीच गेले. तेव्हापासून गिरणी तीच चालवायची. भुवया, पापण्या, पदर सगळं पिठानं पांढरं, आणि आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीवर चढलेला. कुणाच्या डब्यात गहू आला, कुणाची ज्वारी कधी संपली, कुणाची सून पाहुण्यांसाठी दुसऱ्यांदा दळण घेऊन आली, यावरून तिला गावातल्या प्रत्येक चुलीची खबर असायची. पण ही खबर तिनं कधी इकडची तिकडं केली नाही. तिच्या पोटात गोष्ट राहायची. बाहेर पडायची ती फक्त तीट.

आमचं घराणं बौद्ध. घरात उपास नाही, नवस नाही, बुवा नाही, अंगारा नाही. आत्या स्वतः विहारात पुढच्या रांगेत बसून पंचशील म्हणायची. मग ही तीट कुठून आली, असं मी मास्तरकीच्या जोरावर तिला हटकून विचारायचो. "आत्या, ही अंधश्रद्धा आहे." ती शांतपणे म्हणायची, "असंल बाबा. फकस्त काजळानं नुसकान कुणाचं झालंय ते सांग." खरं कारण मला आईकडून कळलं. आतोबा धिप्पाड होते. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, काय वाघासारखा माणूस आहे, याला काय धाड भरते. त्याच महिन्यात तापानं ते गेले. आत्यानं ही गोष्ट कधी तोंडातून काढली नाही. ती फक्त जिभेच्या टोकाला काजळ ठेवून जगू लागली.

आता यात पोलीस कुठून आले ते सांगतो. आमच्या भागातली पुष्कळ पोरं ट्रकवर. सोयाबीन, कापूस, तूर भरून दूरदूर जायची. त्यातला एखादा पुढं पेट्रोलच्या किंवा गॅसच्या टँकरवर लागायचा, कारण तिथं पगार बांधलेला असतो. पण टँकर कुणाच्याही हातात देत नाहीत. त्याच्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, लायसनवर वेगळा शिक्का लागतो, आणि मुख्य म्हणजे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हावी लागते. भडकणारा माल घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस कसा आहे, कुणाच्या नादी लागलेला आहे का, डोकं ठिकाणावर आहे का, हे त्याच्या गावात जाऊन प्रतिष्ठित माणसांना विचारायचं, असा रिवाज. आमच्या ठाण्याचे जुने जमादार एसटीतून फाट्यावर उतरले की पहिली सावली गिरणीची लागायची, पहिला चहाही तिथलाच. त्यामुळं आमच्या गावची प्रतिष्ठित माणसं म्हणजे वर्षानुवर्षं आत्याच.

जबाब द्यायचा म्हणजे ती गिरणी बंद करायची. दळणाला आलेल्या बायका बाकावर सरकून बसायच्या, आणि आत्या पोराची तीन पिढ्यांची हकिकत सांगायची. जमादार मोठ्या शांतपणे लिहून घ्यायचे. त्यांना आत्याची रीत पाठ होती. 'फकस्त' हा शब्द ऐकू आला की ते पेनाला टोपण लावायचे आणि बशीत चहा ओतायचे. मग आत्या खुशाल सांगायची की पोरगं घोरतं, की त्याला कारल्याची भाजी चालत नाही, की बहिणीच्या लग्नात ते मांडवातच झोपलं. कागदावर चोख चारित्र्य जायचं, हवेत तीट राहायची, आणि सरकार व आत्या दोघांचंही समाधान व्हायचं. ही व्यवस्था अशीच चालू राहिली असती. पण परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, नवी माणसं आली. जुने जमादार निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी लांबून बदलून आलेला एक तरणा शिपाई फाट्यावर उतरला.

तो आला रफिकसाठी. रफिकचं घर गिरणीच्या मागच्या अंगाला. त्याच्या आजोबापासून त्यांचं रजया-गाद्या भरायचं काम. त्याची अम्मी आणि आत्या यांची इतकी मैत्री, की एकीच्या घरी कालवण झालं की दुसरीच्या घरी वाटी जायची. सोयाबीनच्या ट्रकवर बरीच वर्षं काढून रफिकला नुकतंच गॅसच्या टँकरचं काम लागू घातलं होतं. शिक्षण झालं होतं, शिक्का मिळाला होता, अडलं होतं ते फक्त पडताळणीवर. बहिणीचं लग्न तोंडावर होतं. ही नोकरी गेली तर दुसरी अशी मिळणार नव्हती.

शिपाई सरळ मनाचा होता, पण कामाला चिकट. रफिकचं नाव वाचल्यावर त्यानं नेहमीपेक्षा जास्तीचे प्रश्न काढले. घरी कोण येतं-जातं, परगावी मुक्काम कुठं असतो, कुठल्या सभेला जातो का. आत्यानं हे बरोबर हेरलं. आजवर कुठल्या पोराच्या बाबतीत हे विचारलं नव्हतं हे तिला माहीत होतं. तिनं रफिकची स्तुती सुरू केली ती थांबेचना. असा पोरगा पंचक्रोशीत नाही, आईला कधी उलट बोलला नाही, दारूचा वास त्याला ठाऊक नाही, गाडी अशी चालवतो की शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरावी. बाकावरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. एवढं कौतुक आत्यानं कुणाचंच केलं नव्हतं. आणि इथंच घात झाला. कौतुक एवढं डोंगराएवढं झाल्यावर कारल्याच्या भाजीची तीट त्याला कशी पुरणार? ठिपकाही तसाच ठसठशीत हवा. आत्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "फकस्त, लहानपणी त्यानं आगीशी खेळता खेळता पाटलाची कडब्याची गंजी पेटवली होती."

शिपायानं पेनाला टोपण लावलं नाही. त्यानं ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, आत्याचा अंगठा की सही असं विचारलं, तिनं ऐटीत सही केली, आणि तो एसटीनं निघून गेला.

काही दिवसांनी रफिक गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. मागोमाग आलेली त्याची अम्मी म्हणाली, "बाई, हिंगोलीच्या साहेबानं कागद अडवून ठेवला. म्हणले, आग लावायची सवय हाय, अन् गॅसच्या टँकरवर ठिवता व्हय?" आत्यानं चालती गिरणी बंद केली. त्या दिवशी गिरणी परत चालू झाली नाही. लोकांनी दळणं तशीच माघारी नेली.

मी तेव्हा हिंगोलीला एका शाळेत नोकरीला होतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघतो तर शाळेच्या फाटकात आत्या, रफिकची अम्मी आणि रफिक. आत्याच्या भुवयांवर पीठ तसंच. "चल," म्हणाली, "साहेबाला भेटायचं हाय. तू नुसता उभा राहा, बोलायचं मी बघते." हिच्या बोलण्यानंच हे झालंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडं बघून गिळलं.

पोलिसांच्या कचेरीतले साहेब पन्नाशीचे, थकलेले, टेबलावर कागदांची चळत. रफिक आणि अम्मी बाहेरच्या बाकावर बसले. साहेबांनी तो जबाब काढून वाचला आणि विचारलं, "हे तुमचंच सांगणं ना?"

"व्हय," आत्या म्हणाली. "पर शेवटची ओळ धरायची नसते, साहेब. ती तीट हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग आत्यानं त्यांना तीट म्हणजे काय, ती कशाला लावतात, लहान कौतुकाला लहान आणि मोठ्याला मोठी का लागते, हे सगळं नीट समजावून दिलं. जुने जमादार टोपण कसं लावायचे तेही सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, सरकारी कागदाला तीट नसते."

"म्हणूनच सरकारची कामं अशी नासून राहिलीत," आत्या म्हणाली.

मला वाटलं, आता रफिकबरोबर माझीही नोकरी जाते. पण साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "हे बघा, गॅसचा टँकर म्हणजे खेळ नव्हे. एका माणसाच्या चुकीनं गाव जाईल. मला खरं तेवढं सांगा. दोष असेल तर दोष, नसेल तर नाही म्हणा. मधलं काही नको."

आत्या गप्प बसली. तिला गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, "तीट न लावता लिवायचं?"

"हो."

"आन् वाटंनं त्याला काही झालं तर?"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "वाटेनं काही होऊ नये म्हणूनच मी पण विचारतोय, बाई." त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

मला हसू येत होतं, आणि हसणं लाजिरवाणं वाटत होतं. माझ्यासाठी ती गंमत होती. तिच्यासाठी एका बाजूला पोराची नोकरी होती आणि दुसऱ्या बाजूला पोराचा जीव, आणि निवड तिनं, स्वतःच्या तोंडानं करायची होती. तिच्या कपाळावरचं पीठ घामानं ओलं होऊन नाकावर ओघळ आला. तिनं खिडकीतून बाहेर बाकाकडं पाहिलं. मग पुस्तकातला धडा वाचावा तसं एकेक वाक्य बोलायला लागली.

"रफिक चांगला पोरगा हाय. खोटं बोलत न्हाई. मला ताप भरला तवा भर पावसात टॅक्टर काढून दवाखान्यात नेलं, आन् पैशाचं नाव काढलं न्हाई. सडकंवर कुत्रं आडवं आलं तरी गाडी थांबवते." ती थांबली. साहेब लिहीत होते. "गंजी पेटली ते खरं हाय. पोरं ओला हरभरा भाजून खाऊन राहिली होती, ठिणगी उडाली. बाकीची सगळी पळाली. हा एकटा उभा राहिला, अंगातला सदरा काढून आग झोडपत. हात भाजला, अजून वण हाय. आन् संध्याकाळी आपल्या पायानं पाटलाकडं गेला, म्हणला, माझ्याकून झालं."

साहेबांचं पेन थांबलं. "ही निम्मी गोष्ट त्या दिवशी का नाही सांगितली?"

आत्यानं त्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "सांगितली असती तर तीट पांढरी झाली असती न्हवं?"

आता साहेब मोठ्यानं हसले. रफिकला आत बोलावून त्यांनी हाताचा वण बघितला आणि लिहायचं ते लिहिलं. शेवटी कागद पुढं सरकवत त्यांनी विचारलं, "आणखी काही?" आत्याचे ओठ हलले. 'फकस्त' हा शब्द तिच्या जिभेवर आलेला मला स्पष्ट दिसला. तिनं तो परतवला, मान हलवली आणि सही केली. त्या दिवशीची सही वाकडी आली. साहेबांनी सहज विचारलं, "आणि माझ्याबद्दल गावात काय सांगाल?" आत्याला एकदम जीव आल्यासारखं झालं. "साहेब लई समजदार माणूस. फकस्त चहा इचारला न्हाई." चहा आला.

बाहेर आल्याबरोबर तिनं कनवटीची काजळाची डबी काढली. कचेरीच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्या खाकी माणसांदेखत, झुबकेदार मिशीच्या रफिकला तिनं मान वाकवायला लावली आणि कानामागं चांगला रुपयाएवढा काळा ठिपका लावला. रफिक लाजून चूर झाला. पुढं त्याला काम मिळालं, बहिणीचं लग्नही झालं. त्यानंतर टँकर घेऊन तो आमच्या सडकेनं जायचा तेव्हा, गाडी वस्तीपासून दूर, नियमाप्रमाणं उभी करायचा आणि चालत गिरणीवर येऊन मुकाट्यानं मान वाकवायचा. टँकरच्या पाठीमागं धोक्याच्या मोठ्या अक्षरांखालीही एक ठिपका असायचा. मालक धुऊन काढायचे, आत्या परत लावायची. तो निघाला की ती गिरणी बंद करायची. पुलापलीकडं टँकरचा आवाज विरेपर्यंत दळण थांबलेलं असायचं, आणि घाई असलेल्या बायकांनीही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

आत्या गेली ती झोपेतच, कुणाला तकलीफ न देता. विहारापुढं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एकामागून एक माणसं उठत होती आणि आत्या कशी कष्टाळू होती, कशी प्रेमळ होती, कशी निर्मळ होती हे सांगत होती. मी खाली बसून ऐकत होतो आणि मला कसंतरी होत होतं. एवढं नुसतं गोड तिच्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. ती असती तर भीतीनं उठून गेली असती. इतक्यात रफिक आला. टँकर लांब सडकेला लावून आला होता, अंगावर कामाचेच कपडे, मिशी पांढरी झालेली. त्याला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला.

"आत्या लई चांगली बाई होती," तो म्हणाला. "तिच्यासारखी मी बघितली न्हाई." मग म्हणाला, "फकस्त गिरणीच्या दगडाला टाकी लावली की पयलं पीठ फेकून द्यायची न्हाई. पिठात कचकच यायची."

मागून एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून हसू फुटलं, कारण गावातल्या प्रत्येकानं ती कचकच खाल्ली होती. एक वडीलधारे समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे रफिक, गेलेल्या माणसाला आता कशाची नजर लागते?"

"असू द्या, काका," रफिक म्हणाला. "सफर लांबची हाय."

त्याला वेळेवर पोचायचं होतं, म्हणून तो थांबला नाही. हात जोडून सडकेकडं चालत गेला. थोड्या वेळानं टँकर सुरू झाल्याचा आवाज आला. पुढचं भाषण करायला एक जण उठले होते, ते तसेच उभे राहिले. पुलापलीकडं आवाज विरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.